बंगालचे प्रतिनिधी डॉ. आंबेडकर आणि आपला मताधिकार

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवाची ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या हाती देताना मुख्याध्यापिका या नात्याने शाळेच्या वाटचालीविषयी लिहावे, अशी प्रथा आहे. ते काम या अंकात इतरांनी अधिक अधिकाराने केले आहे. मी इतिहासाची शिक्षिका. म्हणून कोलकाता आणि मराठी माणूस यांना जोडणारे, तरीही दोन्हीकडे फारसे न सांगितले जाणारे एक प्रकरण येथे मांडण्याचे योजिले आहे. ते केवळ गौरवाचे प्रकरण नाही. मतदार यादीत आपले नाव कोणत्या अधिकाराने लागते, ते कोण काढू शकतो आणि कोण काढू शकत नाही, या आजच्या व्यवहारातील प्रश्नांची उत्तरे त्यात दडलेली आहेत.

बंगाल व महाराष्ट्र यांच्या संबंधांची सुरुवात काही स्नेहाने झाली नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून आल्या. त्या 'बर्गीं'च्या भीतीने १७४२ साली कोलकात्याभोवती खंदक खणण्यास घेण्यात आला. तो 'मराठा खंदक' पुढे बुजवला गेला आणि त्याच्या बऱ्याचशा मार्गावरून सर्क्युलर रोड झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटले. मराठी कुळात जन्मलेल्या आणि बंगालीत लेखन करणाऱ्या सखाराम गणेश देउस्करांनी येथे शिवाजी उत्सव रुजवला आणि १९०४ मध्ये 'देशेर कथा' लिहून बंगाली वाचकांना परकीय सत्तेच्या आर्थिक शोषणाचे भान दिले. या बदललेल्या नात्याचा सर्वांत मोठा राजकीय आविष्कार १९४६ च्या जुलैमध्ये घडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या महिन्यात घटना समितीवर निवडून गेले, ते मुंबईतून नव्हे, तर बंगालमधून.

पुण्यात झालेला करार, कोलकात्यात पडलेली मते

त्या वेळी मताधिकार ही सर्वांची गोष्ट नव्हती. १९३५ च्या कायद्याने मतदानाचा हक्क मालमत्ता, कर, शिक्षण यांसारख्या अटींना बांधला होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे तीन कोटी मतदार होते. बहुसंख्य शेतमजूर, कारागीर, गिरणी कामगार आणि स्त्रिया यादीबाहेर होत्या. अनेक स्त्रियांना हक्क मिळाला तो पात्र पुरुषाची पत्नी म्हणून. शिवाय मतदार धर्माप्रमाणे विभागलेले होते. मुसलमानांनी मुसलमान उमेदवाराला, शिखांनी शीख उमेदवाराला मत द्यायचे, अशी विभक्त मतदारसंघांची पद्धत होती.

या व्यवस्थेतील एक तरतूद आपल्या कथेसाठी महत्त्वाची आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा येथे झालेल्या पुणे करारामुळे सर्वसाधारण मतदारसंघांतील काही जागा अस्पृश्य वर्गांसाठी राखीव झाल्या. बंगालच्या वाट्याला अशा ३० जागा आल्या. त्यामुळे बंगालच्या विधानसभेत नामशूद्र, राजबंशी इत्यादी समाजांतील प्रतिनिधींचा एक गट उभा राहिला. बारिसालचे जोगेंद्रनाथ मंडल हे त्यांतील प्रमुख नाव. १९३७ मध्ये ते सर्वसाधारण जागेवरून काँग्रेसच्या उमेदवाराचा पराभव करून निवडून आले होते आणि पुढे बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बंगालमधील नेते झाले.

१९४६ च्या आरंभीच्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा दारुण पराभव झाला. मुंबई विधानसभेत त्यांचा एकही सदस्य उरला नाही. बंगालमध्ये मात्र मंडल निवडून आले. घटना समितीची निवड जनतेच्या थेट मतदानाने होणार नव्हती. प्रांतिक विधानसभांचे सदस्य एकल संक्रमणीय मतपद्धतीने प्रतिनिधी निवडणार होते. साधारणतः दहा लाख लोकसंख्येमागे एक जागा, असे प्रमाण होते. त्यानुसार बंगालला ६० जागा मिळाल्या, त्यांपैकी २७ सर्वसाधारण गटाच्या होत्या. या पद्धतीत मूठभर सदस्यांनी एकाच उमेदवाराला पहिली पसंती दिली, तरी तो निवडून येऊ शकत असे. मुंबईत ती मूठही बाबासाहेबांपाशी नव्हती. बंगालमध्ये मंडल आणि त्यांच्या बाजूला आलेले अनुसूचित जातींचे काही सदस्य यांनी ती जमवली. पुणे करारातून निर्माण झालेल्या राखीव जागांनी चौदा वर्षांनी, पुण्यापासून इतक्या दूर, संविधानाच्या शिल्पकाराला घटना समितीचे दार उघडून दिले.

बाबासाहेब 'जेसोर-खुलना मतदारसंघातून' निवडून आले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. विद्यार्थ्यांनी येथे सावध असावे. या निवडणुकीत भौगोलिक मतदारसंघच नव्हते. मतदार होते ते संपूर्ण बंगालच्या विधानसभेचे सदस्य. जेसोर, खुलना, बारिसाल या भागांतील दलित समाजाचा पाठिंबा मंडलांच्या मागे होता, एवढा त्या उल्लेखाचा अर्थ घ्यावा.

बंगालचे प्रतिनिधी म्हणूनच बाबासाहेब डिसेंबर १९४६ मध्ये दिल्लीत घटना समितीत बसले आणि १७ डिसेंबरला उद्दिष्टांच्या ठरावावर त्यांनी आपले गाजलेले भाषण केले. कालांतराने देश एक होईल, असा विश्वास त्यांनी त्यात व्यक्त केला होता. प्रत्यक्षात फाळणी झाली. बंगालचे दोन तुकडे होताच जुन्या प्रांताचे प्रतिनिधित्व संपुष्टात आले आणि बाबासाहेबांची जागा गेली. तोवर समितीतील त्यांच्या कामाचे मोल काँग्रेसच्या नेत्यांनाही पटले होते. डॉ. राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून त्यांना मुंबईतून निवडून पाठविण्याचा आग्रह केला. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये ते पुन्हा आले. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. परंतु तेथील अल्पसंख्याकांची स्थिती पाहून १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते कोलकात्यास परतले. १९६८ साली त्यांचे निधन झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांना एखादी ओळही क्वचितच लाभते.

मत ही बक्षिसी नव्हे

मताधिकाराविषयी बाबासाहेबांचा विचार घटना समितीत एकाएकी जन्मला नव्हता. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी अस्पृश्य वर्गांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकाराची मागणी केली. निरक्षरांना मत देऊ नये, हा त्या काळातील सुशिक्षितांचा लाडका मुद्दा होता. बाबासाहेबांचे उत्तर असे की, समाजात एकत्र कसे राहायचे त्याच्या अटी ठरविण्याचा अधिकार म्हणजे मत. ज्याला या अटींचा जाच सर्वाधिक होतो, त्यालाच तो नाकारणे अन्यायाचे आहे. मत देण्यातून माणूस शिकतो. शिकल्याबद्दल त्याला मत बक्षीस द्यायचे नसते.

स्त्रियांच्या बाबतीतही लढा दोन्ही प्रांतांत झाला. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने १९२१ मध्ये स्त्रियांना मताधिकार देण्याचा ठराव केला. बंगालच्या कायदेमंडळाने त्याच वर्षी तो फेटाळला. कवयित्री कामिनी राय आणि बंगीय नारी समाजातील त्यांच्या सहकारी यांनी चळवळ चालू ठेवली आणि १९२५ मध्ये बंगालनेही तो मान्य केला. अर्थात तोही मालमत्तेच्या चौकटीतच.

संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने या साऱ्या अटी एका वाक्यात संपवल्या. लोकसभेच्या व राज्यांच्या विधानसभांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर होतील. वयाची अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे नाव यादीत येईल आणि अनिवास, मनोविकलता, गुन्हा किंवा निवडणुकीतील भ्रष्ट वा अवैध आचार एवढ्याच कारणांनी कायद्याने ते वगळता येईल. अनुच्छेद ३२५ ने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी ठेवली आणि केवळ धर्म, वंश, जात वा लिंग या कारणांनी कोणालाही त्या यादीसाठी अपात्र ठरवण्यास मनाई केली. विभक्त मतदारसंघ येथे संपले. राखीव जागा राहिल्या, परंतु त्यांसाठीही मतदार सर्वच.

अनुच्छेद ३२४ : परप्रांतीयांचे संरक्षण

आपल्यासारख्या, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ज्या अनुच्छेदाचे सर्वाधिक ऋण आहे, तो मात्र ३२४ होय. निवडणुकांचे आणि मतदार याद्यांचे नियंत्रण निवडणूक आयोगाकडे सोपवणारा हा अनुच्छेद मूळ मसुद्यात वेगळा होता. संसदेच्या निवडणुकांसाठी केंद्राचा आयोग आणि प्रांतांच्या निवडणुकांसाठी प्रांतांचे स्वतंत्र आयोग, अशी ती योजना होती. १५ जून १९४९ रोजी बाबासाहेबांनी ती बदलून सर्वांसाठी एकच आयोग असावा, अशी दुरुस्ती मांडली. हा बदल मूलगामी आहे, हे त्यांनी स्वतःच सांगितले. पंडित हृदयनाथ कुंझरूंसारख्या सदस्यांना प्रांतांच्या अधिकारावरील हे आक्रमण वाटले.

बदलाचे जे कारण बाबासाहेबांनी दिले, ते प्रत्येक परप्रांतीयाने लक्षात ठेवावे असे आहे. काही प्रांतांत मतदार याद्या तयार करताना, तेथील बहुसंख्य समाजाहून वंशाने, संस्कृतीने किंवा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांची नावे वगळली जात असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. यादी स्थानिक सत्तेच्या हाती राहिली, तर 'हा आपला नव्हे' एवढ्या कारणाने माणसाचा हक्क जाईल, ही ती भीती. म्हणून यादी करणारे कर्मचारी राज्यांचेच असले, तरी निवडणुकीच्या कामापुरते ते स्वतंत्र आयोगाच्या नियंत्रणाखाली आणले गेले. अनुच्छेद ३२५ मध्ये 'भाषा' हा शब्द नाही, हे खरे. पण ३२६ मधील 'प्रत्येक नागरिक' आणि ३२४ मधील स्वतंत्र आयोग यांनी भाषेच्या आधारे नाव गाळण्याची वाट बंद केली.

या तक्रारींना तत्कालीन पार्श्वभूमी होती. संविधान पूर्ण होण्याआधीच, १९४८ पासून, प्रौढ मताधिकाराच्या आधारे याद्या करण्याचे काम घटना समितीच्या सचिवालयाने हाती घेतले होते. फाळणीने लाखो निर्वासित सीमेपलीकडून येत होते. त्यांचा पत्ता कोणता मानायचा? आपण याच गावी वा शहरात कायम राहणार आहोत, असे प्रतिज्ञापूर्वक सांगणाऱ्या निर्वासितांची नावे घ्यावीत, असा मार्ग काढण्यात आला. सियालदह स्थानकाच्या फलाटांवर दिवस काढलेल्या माणसांच्या या शहरात त्या निर्णयाचे मोल निराळे सांगावयास नको.

बाबासाहेबांनी आपल्या योजनेतील उणीवही झाकली नाही. या चर्चेत शिब्बनलाल सक्सेनांनी मुख्य निवडणूक आयुक्तांच्या नेमणुकीला संसदेची संमती असावी, असा आग्रह धरला. आयुक्ताला सहजासहजी काढता येणार नाही, ही तरतूद आहे. परंतु अयोग्य किंवा सरकारच्या मुठीतील व्यक्ती मुळात नेमलीच जाऊ नये, याला संविधानात अटकाव नाही, हे बाबासाहेबांनी मान्य केले. हा प्रश्न आजही जिवंत आहे. २ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, संसद कायदा करीपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते व सरन्यायाधीश यांच्या समितीच्या शिफारशीने नेमणुका व्हाव्यात, असा निर्णय दिला. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने समितीत सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आला. १९४९ मधील त्या चर्चेचा धागा अजून तुटलेला नाही, एवढे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

एका कोलकातावासी अधिकाऱ्याची कसोटी

संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले. त्यातील मोजके अनुच्छेद त्याच दिवशी अमलात आले. त्यांत ३२४ होता. २५ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे प्रजासत्ताकाच्या एक दिवस आधी, निवडणूक आयोग स्थापन झाला. २०११ पासून आपण शाळेत साजरा करतो तो राष्ट्रीय मतदार दिवस याच तारखेचा. मार्चमध्ये पहिले मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून सुकुमार सेन यांची नेमणूक झाली. येथील प्रेसिडेन्सी कॉलेजचे विद्यार्थी, पुढे लंडनमध्ये गणित शिकलेले आणि तेव्हा पश्चिम बंगालचे मुख्य सचिव असलेले हे सनदी अधिकारी होते.

त्यांच्यापुढील काम गणिती बुद्धीलाही दमवणारे होते. मतदार १७ कोटींहून अधिक. देशातील साक्षरता १९५१ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ टक्के. वाचता न येणाऱ्याने उमेदवार ओळखायचा कसा? त्यासाठी प्रत्येक पक्षाला चित्ररूप चिन्ह मिळाले आणि प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवून तिच्यावर ते चिकटवले गेले. मतदाराने कोणतीही खूण न करता मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या तयार करण्यात आल्या. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई लावली गेली. २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ असे चार महिने मतदान चालले.

सेन यांचा एक निर्णय मी दरवर्षी वर्गात आवर्जून सांगते. काही प्रांतांत असंख्य स्त्रियांनी परक्या माणसाला आपले नाव सांगण्यास नकार दिला. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' अशा नोंदी झाल्या. सेन यांनी त्या स्वीकारल्या नाहीत. स्वतःचे नाव सांगण्यासाठी मुदत वाढवून दिली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. हा निर्णय त्या क्षणी कठोर होता आणि तेवढ्या स्त्रियांचे पहिले मत त्यामुळे बुडाले, हे नाकारता येत नाही. पण मत व्यक्तीचे असते, कुटुंबाचे नव्हे, हे तत्त्व त्याने कायमचे ठरवून टाकले. पतीच्या पात्रतेवर पत्नीला मत देणाऱ्या १९३५ च्या कायद्यापासून आपण किती दूर आलो, याचे हे माप आहे.

कोलकात्याच्या मतदारांनी त्या पहिल्या निवडणुकीत काय केले? शहराने साम्यवादी हिरेंद्रनाथ मुखर्जी, जनसंघाचे श्यामाप्रसाद मुखर्जी आणि अपक्ष उभे राहिलेले वैज्ञानिक मेघनाद साहा अशा तीन भिन्न विचारांच्या माणसांना एकाच वेळी लोकसभेत पाठवले. तिकडे मुंबईत, ज्यांनी हा हक्क लेखणीबद्ध केला त्या बाबासाहेबांनाच नारायणराव काजरोळकरांकडून पराभव पत्करावा लागला. १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. शिल्पकारालाही सवलत न देणारी ही व्यवस्था होती, यातच तिचा खरेपणा आहे.

साठ वर्षांच्या शाळेचा वाटा

मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण मिळावे, असे सांगणारा अनुच्छेद ३५०क १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क अनुच्छेद ३० देतो. बंगालमध्ये मराठी शाळा साठ वर्षे टिकते, ती आपल्या पूर्वसुरींच्या चिकाटीने, तशीच या तरतुदींच्या आधाराने. पण या तरतुदी कागदावरून व्यवहारात उतरतात त्या मतदार असलेल्या पालकांमुळे. ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्यांच्या शाळेचा प्रश्न कोणत्याच लोकप्रतिनिधीच्या दारी पोहोचत नाही.

येथे पालकांना एक व्यवहाराची गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी खानापूर-आटपाडीकडून आलेली, नोकरीनिमित्त बदलून आलेली किंवा चार पिढ्या येथेच रुजलेली, अशी आपली कुटुंबे आहेत. 'आमचे नाव गावी आहे' असे अनेक जण अभिमानाने सांगतात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव लागते ते माणूस जेथे सामान्यतः राहतो तेथे. गावी केवळ घर मालकीचे आहे, एवढ्याने तेथील निवास सिद्ध होत नाही, आणि दोन ठिकाणी नाव ठेवणे तर कायद्याला मान्यच नाही. परिणामी अनेकांचे असे होते की, गावच्या निवडणुकीला रजा मिळत नाही आणि येथील यादीत नाव नसते. मताधिकार असूनही ते कोठेच मतदार नसतात. गावाचा जिव्हाळा सोडू नये. पण मुले जेथे शिकतात, पाणी-रस्ते-दवाखाना जेथे वापरतो, तेथे आपले मत असावे.

१९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. मार्च १९८९ पासून ते अमलात आहे. म्हणजे शाळा सोडल्यावर दोन-तीन वर्षांतच आपली मुले मतदार होतात. आता वर्षातून चार तारखा, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर, वयाच्या पात्रतेसाठी धरल्या जातात आणि नमुना क्रमांक ६ भरून नोंदणी करता येते. यादीचे पुनरीक्षण होते तेव्हा आपले नाव आहे की नाही, हे स्वतः पाहावे. विवाह होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या माजी विद्यार्थिनींनी आणि घर बदललेल्या सर्वांनी तर हे अवश्य करावे.

एक व्यक्ती, एक मत ही राजकीय समता मिळाली, तरी सामाजिक व आर्थिक विषमता उरली तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. त्या विषमतेवरचा पहिला उपाय शिक्षण आणि दुसरा मत, असे मी मानते. निवडणुकीच्या दिवशी शाळांचेच वर्ग मतदान केंद्रे होतात आणि मतदान केंद्रावर बहुधा शिक्षकच बसलेले असतात, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. शाळेच्या पटावर प्रत्येक मुलीचे व मुलाचे स्वतःचे नाव असते. ते नाव पुढे मतदार यादीत उतरावे आणि तेथून कोणाच्या लहरीने पुसले जाऊ नये, यासाठी बंगालच्या काही आमदारांनी एका मराठी माणसाला दिलेली ती मते कामी आली. हीरक महोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपले नाव यादीत तपासून पाहिले, तर शाळेला त्याहून मोठी भेट नको.